शाळेच्या अंगतपंगतीसाठी कोंबडीचा पदार्थ : निवड, पूर्वतयारी आणि काळजी

नाताळपूर्व मेळावा, बालदिन, वार्षिक स्नेहसंमेलन, प्रजासत्ताकदिनानंतरचे वनभोजन अशा निमित्तांनी आपल्या शाळांतून अंगतपंगत भरते. प्रत्येक घरून एकेक पदार्थ येतो, सतरंज्या अंथरल्या जातात आणि सर्व मुले एकमेकांच्या डब्यातील घास घेतात. 'कोंबडीचा पदार्थ तुमच्याकडे' असे वर्गशिक्षिकांनी सांगितले की घरातील माउलीपुढे प्रश्न उभा राहतो : आदल्या दिवशी करून ठेवता येईल, डब्यातून नेता येईल, लहानांना खाता येईल आणि कोणालाही बाधणार नाही असा कोणता पदार्थ करावा? अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील कुटुंबे नजरेसमोर ठेवून या प्रश्नाचे सविस्तर उत्तर देण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. पालकांनी व शिक्षकांनी तो जपून ठेवावा आणि प्रसंगी काढून पाहावा.

उत्तराचे सार आरंभीच सांगतो. अशा वेळी पदार्थाची निवड चवीवरून करू नये. चुलीवरून उतरल्यापासून ताटात पडेपर्यंत किती तास जाणार आहेत, त्यावरून करावी. हे तास एकदा मोजले की अर्धी निवड आपोआप होते.

एका पंगतीचे मोल

आज मुले सहज एकमेकांच्या डब्यात हात घालतात. आपल्याच जिल्ह्यात सव्वाशे वर्षांपूर्वी ही गोष्ट इतकी सहज नव्हती. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुढे लक्ष्मीबाई पतीकडे परत आल्या, तरी काही काळ त्यांनी आपले सोवळे, आपले पाणी आणि आपला स्वयंपाक वेगळाच ठेवला होता. माणसामाणसांतील हा भेद मनुष्यनिर्मित आहे हे उमगल्यावर त्यांनी तो सोडून दिला. १९०० मध्ये त्यांचाही बाप्तिस्मा झाला. 'स्मृतिचित्रे' या आत्मकथनात त्यांनी हा प्रवास मोकळेपणाने सांगितला आहे. एका घासासाठी आपल्या पूर्वजांना केवढी मजल मारावी लागली, हे त्यावरून ध्यानात येते.

म्हणूनच शाळेतील पंगत हा केवळ खाण्याचा कार्यक्रम नव्हे. तिच्यातून कोणी मूल आजारी पडू नये, तसेच कोणी मूल उपाशी अथवा ओशाळे होऊन उठू नये, या दोन्ही गोष्टी सारख्याच महत्त्वाच्या आहेत.

प्रथम विचारावयाचे चार प्रश्न

१. शाळेची परवानगी आहे काय? अनेक शाळांतून डब्यात मांसाहार आणण्यास मनाई असते. मुख्याध्यापकांची संमती आधी घ्यावी. 'आपलीच शाळा' म्हणून गृहीत धरू नये.

२. दिवस कोणता आहे? राखेचा बुधवार आणि प्रायश्चित्तकाळातील शुक्रवार आपण मांसवर्ज्य पाळतो. ख्रिस्तसभेच्या नियमानुसार हे बंधन वयाची १४ वर्षे पूर्ण झालेल्यांना लागू होते. तथापि लहानांनाही त्याचा अर्थ समजावून द्यावयाचा असतो. शेजारच्या घरांचाही विचार करावा. श्रावण, मार्गशीर्षातील गुरुवार, एकादशी, चतुर्थी या दिवशी अनेक हिंदू कुटुंबांत मांसाहार होत नाही. शिर्डी-राहाता परिसरात गुरुवार पाळणारी घरे पुष्कळ आहेत. तारीख ठरवतानाच दिनदर्शिका पाहिली तर पुढील अवघडलेपणा टळतो.

३. पंगतीला कोण आहे? वर्गात जैन मुले असतील, माळकरी घरातील असतील. मुस्लिम कुटुंबातील मुलांना हलाल मांसच चालते. तेव्हा कोंबडी कोठून आणावी हे आधी त्यांच्या पालकांना विचारावे. शाकाहारी पदार्थांची जागा, भांडी आणि वाढण्याच्या पळ्या पूर्णपणे वेगळ्या ठेवाव्यात. चिकनची पळी चुकून भाजीत बुडाली, तर त्या मुलाला दिवसभराची रुखरुख लागते.

४. कोणाला काही बाधते काय? शेंगदाणा, काजू, तीळ, अंडे, दूध यांची काहींना तीव्र अॅलर्जी असते. वाटणात शेंगदाणे अथवा काजू घातले असतील, तर डब्यावर ठळक अक्षरांत तसे लिहावे. किंबहुना अशा प्रसंगी ते न घालणेच इष्ट.

चुलीपासून ताटापर्यंतचे तास

अन्न नासविणारे व आजार घडविणारे जंतू साधारणपणे ५ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानात झपाट्याने वाढतात. त्याच्या खाली ते सुस्तावतात, वर त्यांची वाढ थांबते. अनुकूल स्थितीत काही जंतू दर वीस मिनिटांनी दुप्पट होऊ शकतात. या वेगाने पाच तासांत पंधरा वेळा दुप्पट, म्हणजे एका जंतूचे सुमारे ३२ हजार होतात. पदार्थाचा वास अथवा रंग मात्र तोवर मुळीच बदललेला नसतो. 'वास घेऊन पाहिला, चांगला आहे' ही कसोटी म्हणूनच अपुरी आहे.

शिजवलेले मांस बाहेरच्या हवेत दोन तासांपेक्षा अधिक ठेवू नये, असा सर्वसाधारण नियम आहे. हवा ३२ अंशांच्या वर असेल तर ही मुदत एक तासावर येते. आपल्याकडे मार्च ते जून दुपारी हेच घडते. डिसेंबरात पहाटे गारठा असतो म्हणून निश्चिंत राहू नये. वीस अंशांची हवा आपल्याला थंड वाटली, तरी जंतूंच्या वाढीस ती पुरेशी आहे. ओट्यावर रात्रभर ठेवलेले पातेले हिवाळ्यातही सुरक्षित नसते.

आता नेहमीचा प्रसंग पाहू. आई पहाटे पाचला उठून चिकन करते. सात वाजता डबा भरते. मूल तो दप्तरासोबत घेऊन एस.टी.ने शाळेत जाते. डबा वर्गाच्या कोपऱ्यात राहतो आणि साडेबाराला उघडतो. यात साडेपाच तास गेले. स्वयंपाकात काहीही चुकलेले नसताना केवळ या तासांमुळे पदार्थ धोक्याचा होतो. यावर उपाय तीन आहेत :

(अ) पालकांपैकी एकाने गरम केलेला पदार्थ बाराच्या सुमारास स्वतः शाळेत आणावा. हा सर्वांत चांगला मार्ग होय.

(आ) शाळेत गॅसची सोय असेल आणि मुख्याध्यापकांची अनुमती असेल, तर थंड केलेला पदार्थ बर्फासह आणून तेथे पूर्ण उकळावा.

(इ) या दोहोंपैकी काहीच जमत नसेल, तर कोंबडीचा पदार्थ आपल्याकडे घेऊ नये. भाकरी, शेंगदाण्याव्यतिरिक्त अन्य कोरडी चटणी, केळी, लाडू, चिक्कीऐवजी राजगिरा वडी असे काही आणावे. यात कमीपणा नाही.

पदार्थांची पारख

आपल्या भागात आणि आपल्या समाजात प्रचलित असलेले पदार्थ वरील कसोटीवर कसे उतरतात ते पाहू.

काळ्या मसाल्याचा रस्सा : नगरची ओळख. येसूर लावलेला दाट रस्सा भाकरीशी उत्तम लागतो. परंतु डब्यातून सांडतो, मुलांच्या गणवेशावर डाग पडतात, हाडे काढताना लहानांची तारांबळ उडते. मोठ्या पातेल्यातील रस्सा मध्यभागी फार सावकाश निवतो. अशा सावकाश निवणाऱ्या मांसाच्या रश्श्यात क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स हा जंतू वाढतो. घरच्या जेवणाला उत्तम. पंगतीला नेण्यास मध्यम.

गावरान कोंबडी : चवीला श्रेष्ठ, पण शिजावयास वेळ घेते, मांस चिवट असते आणि बारीक हाडे पुष्कळ. पहिली ते चौथीच्या मुलांसाठी टाळावी.

बिर्याणी अथवा पुलाव : एका भांड्यात सर्व भागते म्हणून मोह होतो. मात्र शिजवलेल्या भातात बॅसिलस सिरियस या जंतूची बीजे जिवंत राहू शकतात. भात कोमट अवस्थेत तासन्‌तास राहिल्यास ती अंकुरतात आणि त्यांनी निर्माण केलेले एक विष पुन्हा गरम करूनही नष्ट होत नाही. भात व मांस दोन्ही एकत्र असल्याने जोखीमही दुप्पट. शाळेतच शिजवून लगेच वाढणार असाल तरच करावी.

ओल्या नारळाच्या वाटणाचे पदार्थ : गोव्याकडील शाकुती किंवा कोकणी पद्धतीचे चिकन रुचकर असते, परंतु ओला नारळ उष्णतेत लवकर आंबतो. लांबच्या प्रवासास योग्य नाही.

विंदालू अथवा इंद्याल : गोव्यात विंदालू, वसई-मुंबईकडील ईस्ट इंडियन घरांत इंद्याल. मूळ पोर्तुगीज पदार्थात द्राक्षमद्य व लसूण यांत मांस मुरवीत. आपल्याकडे व्हिनेगर आले. आदल्या दिवशी केलेले विंदालू दुसऱ्या दिवशी अधिक मुरते, म्हणून पूर्वतयारीस हा पदार्थ सोयीचा. आंबटपणामुळे जंतूंची वाढ काहीशी मंदावते. तरीही घरगुती प्रमाणातील व्हिनेगरावर विसंबून तो बाहेर ठेवू नये. तिखट बेताचे ठेवल्यास मोठ्या वर्गांना चालेल.

काफ्रियाल : कोथिंबीर, हिरवी मिरची, आले-लसूण, लिंबू अथवा व्हिनेगर यांत मुरवून परतलेले गोवेकर चिकन. कोरडे राहते, सांडत नाही. बिनहाडाचे तुकडे घेतल्यास पंगतीस चांगले.

कटलेट : मुलांना अतिशय प्रिय, वाटणी मोजून करता येते. मात्र शिजवलेले मांस हाताने कुसकरून थापले जाते. हाताला जखम अथवा फोड असल्यास स्टॅफिलोकोकस हा जंतू अन्नात जातो आणि त्याचे विष उकळूनही टिकते. हात स्वच्छ, जखमविरहित असावेत आणि थापलेले कटलेट लगेच फ्रीजमध्ये ठेवून वेळेवर तळावेत.

मेयोनीजचे सँडविच : अलीकडे ही फॅशन आली आहे. ते थंडच ठेवावे लागते आणि शाळेत ती सोय नसते. टाळावे.

सुके चिकन : सुके खोबरे, भाजलेला कांदा आणि काळा मसाला लावून कोरडे केलेले. सांडत नाही, पातळ थरात पसरल्यास लवकर निवते, पुन्हा तापवले तरी चव जात नाही, भाकरी, चपाती, पाव यांपैकी कशाशीही खाता येते आणि आपल्या जिभेला परिचित आहे. या सर्व कारणांनी आमची पहिली शिफारस सुक्या चिकनची आहे, दुसरी काफ्रियालची, आणि फ्रीजची खात्रीची सोय असणाऱ्यांसाठी तिसरी विंदालूची.

सुक्या चिकनची कृती

प्रमाण : पंगतीत प्रत्येक मूल अनेक डब्यांतील थोडेथोडे खाते, म्हणून माणशी पूर्ण वाढप धरू नये. शिजताना मांसाचे वजन साधारण पाव ते एकतृतीयांश घटते. बिनहाडाचे २ किलो चिकन शिजून अंदाजे १.४ किलो भरते; प्रत्येकी ५० ग्रॅम धरल्यास सुमारे २८ मुलांना पुरते.

साहित्य : बिनहाडाचे चिकन २ किलो (शक्यतो मांडीचे, छातीचे मांस पुन्हा तापवताना रखरखीत होते), कांदे पाऊण किलो, सुके खोबरे १५० ग्रॅम, लसणाच्या २ गड्ड्या, आले ५० ग्रॅम, हळद २ चहाचे चमचे, काळा मसाला ३ मोठे चमचे (लहान मुलांसाठी २), तेल १५० मिलिलीटर, लिंबाचा रस अथवा व्हिनेगर ३ मोठे चमचे, चवीपुरते मीठ.

कृती : चिकनचे सुपारीएवढे तुकडे करून त्यांस मीठ, हळद, आले-लसणाचे अर्धे वाटण व लिंबाचा रस लावून अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवावे. फ्रीज नसल्यास न मुरवता लगेच शिजवावे. अर्धे कांदे उभे चिरून तेलावर लालसर परतावेत. खोबरे कोरडेच भाजावे. दोन्ही निवल्यावर मिक्सरवर वाटावेत. मोठ्या कढईत उरलेल्या तेलावर बारीक चिरलेला उरलेला कांदा परतून त्यात उरलेले आले-लसूण घालावे. मग काळा मसाला घालून आच मंद ठेवावी. मसाला जळाल्यास कडवटपणा येतो. त्यावर चिकन घालून मोठ्या आचेवर पाच मिनिटे परतावे, झाकण ठेवून पंधरा ते वीस मिनिटे त्याच्याच पाण्यात शिजवावे. शेवटी वाटण घालून झाकण काढावे आणि तेल सुटेपर्यंत, ओलावा आटेपर्यंत परतावे. वरून कच्ची कोथिंबीर अथवा कच्चा कांदा घालू नये. ते वेगळ्या डब्यात न्यावे.

शिजले की नाही याची परीक्षा : मांसाच्या आत ७४ अंश सेल्सिअस तापमान पोहोचले पाहिजे. स्वयंपाकाचा तापमापक आता फार महाग नाही. शाळेने एक घेऊन ठेवल्यास सर्वांच्या उपयोगी पडेल. तो नसल्यास सर्वांत जाड तुकडा मधोमध कापून पाहावा. आत गुलाबी छटा नसावी, सुटणारे पाणी स्वच्छ असावे आणि वाफ यावी.

कच्च्या कोंबडीविषयी

कच्च्या कोंबडीत साल्मोनेला व कॅम्पिलोबॅक्टर हे जंतू असू शकतात. नळाच्या धारेखाली ती धुतली की तुषार ओट्यावर, भांड्यांवर, शेजारी चिरलेल्या कोशिंबिरीवर उडतात. जंतू धुण्याने जात नाहीत, शिजवण्याने मरतात. धुण्याची सवय सुटत नसेल, तर खोलगट भांड्यात हलक्या हाताने धुवावी आणि नंतर मोरी, ओटा व हात साबणाने घासावेत. कच्च्या मांसाची सुरी व पाट कोशिंबिरीस वापरू नयेत. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये प्रसृत केलेल्या पाच सूत्रांत हेच सांगितले आहे : स्वच्छता राखा, कच्चे व शिजलेले वेगळे ठेवा, पूर्ण शिजवा, योग्य तापमानात ठेवा, सुरक्षित पाणी व जिन्नस वापरा.

बर्ड फ्लूची बातमी आली की लोक घाबरतात. भारतात कोंबड्यांतील एच५एन१ची पहिली नोंद फेब्रुवारी २००६ मध्ये आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे झाली. जानेवारी २०२१ मध्येही महाराष्ट्रात तो आढळला. ७० अंशांवर सर्व भाग नीट शिजलेल्या मांसातून हा विषाणू पसरत नाही. मात्र आजारी अथवा आपोआप मेलेली कोंबडी कदापि कापू नये, खाऊ नये.

पूर्वतयारीची दोन वेळापत्रके

घरी फ्रीज असल्यास :

आदल्या दिवशी सायंकाळी ५ वाजता स्वयंपाक करावा. ६ वाजता चिकन पातेल्यातून काढून दोन-तीन पसरट थाळ्यांत दोन इंचांहून कमी जाडीच्या थरात पसरावे. वाफ ओसरली की, फार तर दीड-दोन तासांत, झाकून फ्रीजमध्ये ठेवावे. गरम पातेले तसेच आत ढकलू नये. मध्यभाग तासन्‌तास कोमट राहतो आणि शेजारचे दूधही तापते. रात्री वीज गेल्यास फ्रीज उघडू नये. बंद फ्रीज सुमारे चार तास थंडावा धरतो; त्याहून अधिक काळ वीज नसेल तर तो पदार्थ मुलांसाठी नेऊ नये.

दुसऱ्या दिवशी निघण्यापूर्वी कढईत थोडे पाणी शिंपडून सर्व तुकड्यांतून वाफ येईपर्यंत तापवावे. केवळ कोमट करणे सर्वांत वाईट. हॉटपॉटमध्ये उकळते पाणी घालून पाच मिनिटे ठेवावे, ते ओतून द्यावे आणि मग गरम चिकन काठोकाठ भरावे. अर्धा रिकामा हॉटपॉट लवकर निवतो. भरल्यापासून वाढेपर्यंत दोन तासांहून अधिक वेळ जाऊ देऊ नये. पदार्थ एकदाच तापवावा, पुनःपुन्हा नव्हे.

घरी फ्रीज नसल्यास :

चिकन आदल्या रात्री शिजवू नये आणि मसाला लावून मुरतही ठेवू नये. आदल्या दिवशी करण्यासारखी कामे वेगळी आहेत : लसूण सोलणे, खोबरे भाजून कोरडेच दळून ठेवणे, मसाले मोजून पुड्या बांधणे, डबे घासून उन्हात वाळवणे. सकाळी नऊच्या सुमारास ताजी कोंबडी आणावी, दहाला फोडणी द्यावी, अकरा-सव्वाअकरापर्यंत पदार्थ तयार होतो आणि बाराला शाळेत पोहोचतो. हा मार्ग फ्रीजच्या मार्गापेक्षा तसूभरही कमी प्रतीचा नाही. तासांचा हिशेब केला तर तोच अधिक सुरक्षित आहे. मात्र त्यासाठी घरातील एका माणसाची सकाळ मोकळी हवी. ऊसतोडीस अथवा मजुरीस जाणाऱ्या घरांकडून ही अपेक्षा ठेवू नये.

भांड्यांविषयी एक इशारा

१६ जुलै २०१३ रोजी बिहारमधील सारण जिल्ह्यात शाळेतील माध्यान्ह भोजनातून विषबाधा होऊन २३ मुले दगावली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक मिसळले गेले होते. आपल्या शेतकरी घरांतून औषधांचे रिकामे डबे, कॅन 'धुऊन घेतले आहेत' म्हणून वापरण्याची पद्धत अजून पुरती गेलेली नाही. कीटकनाशकाचे, रंगाचे, खताचे कोणतेही भांडे कितीही धुतले तरी अन्नास वापरू नये, पाण्यासही नाही. विंदालूसारखा आंबट पदार्थ कल्हई नसलेल्या पितळी अथवा तांब्याच्या भांड्यात करू नये. स्टीलचे भांडे उत्तम.

शाळेत वाढताना

शिक्षकांनी प्रत्येक डब्यावर चिठ्ठी लावून घ्यावी : पदार्थाचे नाव, शाकाहारी की मांसाहारी, केव्हा शिजवला, त्यात काय काय आहे. पालकाचे नाव लिहू नये. कोणाच्या डब्यात काय आले याची चर्चा होऊ नये यासाठी हे आवश्यक आहे.

मुलांना वाढण्यापूर्वी एका प्रौढाने चव घ्यावी. शासनाच्या शालेय भोजनातही शिक्षकांनी आधी चव पाहावी असा दंडक आहे. मुलांचे हात साबणाने धुऊन घ्यावेत. पंगतीच्या वेळी नळावर एक मोठा माणूस उभा असला तर हे नीट होते. प्रत्येक पदार्थास स्वतंत्र पळी ठेवावी; उष्टा हात डब्यात जाऊ देऊ नये. पहिली-दुसरीच्या मुलांजवळ बसून तुकडे लहान करून द्यावेत आणि 'पळतापळता खाऊ नका' हे सांगावे.

उरलेले चिकन मुलांसोबत घरी पाठवू नये. तोवर त्याचे दोन तास उलटून गेलेले असतात आणि घरी पोहोचून रात्री ते खाल्ले जाण्याचा संभव असतो. अन्न टाकणे जिवावर येते हे खरे. म्हणूनच आरंभीच बेताचे करावे.

कोणाला त्रास झाल्यास

काही विषबाधा अर्ध्या तासापासून सहा-आठ तासांत उलट्यांनी सुरू होतात. साल्मोनेलाची लक्षणे कधी दोन-चार दिवसांनीही दिसतात. जुलाब-उलट्या झाल्यास जलसंजीवनीचे द्रावण घोटघोट पाजावे. मनाने जुलाब थांबविण्याचे औषध देऊ नये. शौचात रक्त, जोराचा ताप, ग्लानी, लघवी न होणे, डोळे खोल जाणे यांपैकी काहीही दिसल्यास विनाविलंब दवाखाना गाठावा. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. एकाहून अधिक मुलांना त्रास झाल्यास शाळेस व प्राथमिक आरोग्य केंद्रास कळवावे. यात कोणा घराला दोष देण्याचा हेतू नसावा; इतर मुलांना वेळीच उपचार मिळावेत एवढाच हेतू असावा.

यादी कोणी व कशी करावी

शेवटी शिक्षकांना एक विनंती. 'ज्याला जे आणावयाचे ते आणा' असे सांगितले की ज्यांची ऐपत आहे त्यांच्या डब्यांभोवती गर्दी होते आणि एखादे मूल आपली भाकरी-चटणी झाकून कोपऱ्यात बसते. त्याऐवजी आठवडाभर आधी यादी करावी. ज्यांच्याकडे फ्रीज, वाहन अथवा दुपारी मोकळा माणूस आहे, अशा दोन-तीनच घरांकडे कोंबडीचा पदार्थ सोपवावा. खर्च जड जात असेल तर तो वर्गाने वाटून घ्यावा. बाकीच्यांकडे भाकरी, भात नसलेले कोरडे पदार्थ, काकडी-गाजर, केळी, लिंबू, पाण्याची सोय द्यावी. सुके चिकन भाकरीशिवाय पोटभर होत नाही. भाकरी आणणाऱ्या मुलाला हे पंगतीतच कळते. शाकाहारी मुलांसाठी त्याच काळ्या मसाल्यात केलेली वांग्या-बटाट्याची सुकी भाजी एका घराने आणली, तर ताटातील रंगही सारखा दिसतो आणि कोणी वेगळे पडत नाही.

पालकहो, अंगतपंगतीतून मूल काय घेऊन घरी येते? पदार्थाचे नाव ते चार दिवसांत विसरेल. आपल्या डब्यातील घास कोणीतरी आवडीने घेतला, आणि आपणही दुसऱ्याचा घेतला, हे मात्र त्याच्या स्मरणात राहील. तो घास निर्धोक असावा, एवढ्यासाठी हे तास मोजावयाचे.